घोंगडीतली हाक

शेतवस्ती, अंकुशनगरजवळ
३ डिसेंबर २०२४

चि. प्रांजलीस,

मामाचा आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस. घरात सगळे जागच्या जागी आहेत. तुझी मामी चुलीशी, मुलगा ओमप्रकाश साखर कारखान्यात, मेंढ्या वावरात आणि मी बाजेवर. पत्र अशासाठी, की मला बोलायची बंदी झाली आहे. गळ्यातल्या गाठीचा तुकडा संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासायला घेतला आणि बजावलं, ऑपरेशन होईपर्यंत आवाज वापरायचा नाही. जानेवारीत छोटंसं ऑपरेशन आहे, बिलकुल काळजीचं नाही. पण तोवर फोनवर काय करू? तू हॅलो हॅलो करशील आणि मी इकडे मान हलवीन. मोबाईलवरची अक्षरं मुंगीएवढी आणि माझी बोटं तुला माहीत आहेत. म्हणून जुनी विद्या बाहेर काढली. मेंढ्यांमागे रानोमाळ फिरायचो तेव्हा आमच्या तळावरच्या सगळ्यांची पत्रं मीच लिहायचो. सातवी शिकलेला मी एकटाच होतो.

ओमप्रकाश सांगत होता, तू बदनापूरची नोकरी दोन-तीन महिने बाजूला ठेवून पुण्याला आवाजाच्या शाळेत गेलीस. मला हसू आलं, आणि हसायलाही बंदी आहे. शेतकऱ्यांच्या मोबाईलवर तू पिकांचा सल्ला सांगतेस, तो मी नेमानं ऐकतो. "नमस्कार शेतकरी बंधूंनो" म्हणतेस तेव्हा मी इथून नमस्कार घालतो. आता यात आणखी काय शिकायचं? कोकराला कोण बें करायला शिकवतं?

इकडे ऊसतोड चालू आहे. मोकळ्या झालेल्या वावरांत मेंढ्या पाचट चिवडत पुढे पुढे जातात आणि दुपार कलली की धुरकट उजेडात दिसेनाशा होतात. मग मी एक हाक देतो. दिवसातून एकच, चोरून. मामीला सांगू नकोस. ओमप्रकाशनं शिट्टी वाजवून पाहिली, नाव घेऊन पाहिलं, ताट वाजवून पाहिलं. एकीनंही मान वर केली नाही. वैतागून म्हणाला, "आबा, तुमचा आवाज न्हाई खुलला तर इकून टाकू. मला कारखाना सांभाळून हे न्हाई व्हायचं." त्याचं चूक नाही. पण छत्तीस मेंढ्या गेल्यावर सकाळी उठून मी कोण म्हणून बसू, हे मला कळत नाही.

तुझा,
रायभानमामा

पुणे
९ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,

पायावर डोकं ठेवते आणि लिहायला घेते. तुमचं अक्षर अजून तसंच आहे, सगळ्या मात्रा वाऱ्याला लागल्यासारख्या उजवीकडे कललेल्या. छोटंसं ऑपरेशन आहे ना? मग ठीक. गपचूप पडून राहा.

तुम्ही हसलात, पण इथे आल्या आल्या आवाजाचं काम करणाऱ्यांचं संमेलन होतं, ते तीन दिवस मी स्वप्नात असल्यासारखी हिंडत होते. मोठ्या हॉलमध्ये दोनेकशे माणसं आणि एकाचाही चेहरा ओळखीचा नाही. पण चहाच्या रांगेत मागून कुणीतरी म्हणालं, "साखर कमी," आणि मी दचकले, कारण तो आवाज लहानपणापासून आमच्या घरातल्या टीव्हीत राहतो. वळून पाहिलं तर टक्कल पडलेले एक साधे काका. कार्टूनमधल्या राक्षसाचा आवाज एका किरकोळ बाईंचा निघाला, त्या पर्समधून गोळ्या काढून खात होत्या. अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून ठेवणारे एक आजोबा भेटले. ते म्हणाले, चाळीस वर्षं वाचतोय, पण असं एकत्र बसून आवाजाबद्दल बोलायला माणसं आत्ता मिळाली. मला त्यांचं फार पटलं. बदनापूरला मी खोलीचं दार लावून एकटीच बोलते. बरोबर बोलते की चूक, सांगणारं कुणी नाही.

आणि मी चूकच बोलत होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर माझं "नमस्कार शेतकरी बंधूंनो" म्हणून दाखवलं. सत्यशीलाबाई म्हणून एक वयस्क शिक्षिका आहेत, आता त्यांच्याकडेच माझी शिकवणी आहे. त्या म्हणाल्या, "छान. कुणाशी बोलत होतीस?" मी म्हटलं, शेतकऱ्यांशी. "कोणत्या शेतकऱ्याशी? त्याचं नाव काय, तो आत्ता कुठे बसलाय?" मला एकही नाव सुचलं नाही. टाळ्या पडल्या तरी मी बाहेर जाऊन रडले. पाच वर्षं मी कुणाशीच बोलत नव्हते, मामा.

इथली रेकॉर्डिंगची खोली बघायला हवी तुम्ही. दार लागलं की शहर विझतं. स्वतःच्या पापण्या मिटल्याचाही आवाज येतो असं वाटतं. आणि माईकला लोकरीची टोपी घालतात! वाऱ्याची फरफर येऊ नये म्हणून. मला एकदम तुमची घोंगडी आठवली, आणि त्यावरून एक सुचलं. ऑपरेशननंतर आवाज खुलायला वेळ लागला तर तुमची हाक आपण आधीच टिपून ठेवू. ओमप्रकाशचा मोबाईल घ्या. घोंगडी दोन पदरी करून दोरीवर टाका आणि आत बसा, म्हणजे बाहेरचा गलका येणार नाही. आधी घोटभर पाणी प्या. हाक दिल्यावर लगेच बंद करू नका, मनात दहा अंक मोजा. सत्यशीलाबाईंचा हा कडक नियम आहे. शेवटची शांतता ठेवली नाही तर बोलणं मध्येच तोडल्यासारखं वाटतं.

एक हाक दिल्यानं गळ्याला काही होणार नाही ना, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

प्रांजली

शेतवस्ती
१७ डिसेंबर २०२४

चि. प्रांजलीस,

आशीर्वाद. उंटावरून शेळ्या हाकणारे ऐकले होते, पुण्याहून मेंढ्या हाकणारी तूच पहिली.

डॉक्टरांनी एका हाकेला परवानगी दिली. रविवारी सकाळी मी अंघोळ केली, धुतलेला फेटा बांधला. घोंगडीच्या आत मामीनं पाट मांडला, त्यावर मोबाईल. मी चप्पल बाहेर काढली. एक उदबत्ती लावली, पण धुरानं खोकला आला म्हणून विझवली. ओमप्रकाश बाहेरून म्हणाला, "आबा, द्या हाक." आणि काय सांगू, माझी जीभ टाळ्याला चिकटली. हजार-पाचशे लोक कान लावून बसलेत असं वाटलं. मी खाकरलो, कंबर ताठ केली आणि दिली हाक. मग दहा अंक मोजले, अगदी बराबर.

संध्याकाळी ओमप्रकाशनं त्याचा ट्रॅक्टरवर गाणी लावायचा छोटा स्पीकर बाभळीला टांगला आणि ती वाजवली. चांदीनं तोंड वर केलं. तुला चांदी आठवते ना, कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हातारी मेंढी? ती वळली की कळप वळतो. तिनं थोडं ऐकल्यासारखं केलं आणि परत पाचटात तोंड घातलं. तेव्हा मीही पहिल्यांदा नीट ऐकलं. पोरी, मी मेंढ्यांना "या, या, इकडे यावे" म्हणालो होतो! पन्नास वर्षांत मी त्यांना अहोजाहो केलेलं नाही. ओमप्रकाश जमिनीवर बसून हसला. मामी तोंडाला पदर लावून आत गेली.

तुझं यंत्र ठीकच असेल, पण मेंढीला सभ्यपणा समजत नाही. विषय सोडून दे. थंडी चांगली पडली आहे. सकाळी उसावर धुकं बसतं आणि कारखान्याच्या मळीचा गोडसर वास त्यात अडकून राहतो. पांघरूण घेऊन झोपत जा.

तुझा,
रायभानमामा

पुणे
२६ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,

तुमचं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं, रागावू नका. सगळे पोट धरून हसले. सत्यशीलाबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "यांनी माईकला देव मानलं. तूही तेच करत होतीस, फक्त फेटा बांधत नव्हतीस." मग पुढचा सगळा तास तुमच्या हाकेवरच गेला. जमलेल्या दहा जणांत कुणी मुंबईचा, कुणी साताऱ्याचा, आणि सगळे तळमळीनं बोलत होते की अंकुशनगरची एक मेंढी का वळली नाही. मला फार गंमत वाटली.

त्या म्हणाल्या, बोलायचं ते एकाच कानासाठी. तुमचा कान चांदीचा आहे, मामा. ती समोर नसताना तुम्ही हाक देणार कुणाला?

तेव्हा पाट, उदबत्ती, फेटा सगळं रद्द. मोबाईल आधीच चालू करून घोंगडीच्या खोळीत टाका आणि खोळ रोजच्यासारखी डोक्यावरून पाठीवर सोडा. वाऱ्याला लोकर अडवेल. मग वावरात जा आणि मोबाईल विसरून जा. मेंढ्या लांब गेल्या, त्यांना बोलवायचं मनात आलं, की हाक द्या. दहा अंक मात्र थांबायचं आहेच.

मी आता बोलताना तुम्हाला समोर बसवते. बाजेवर, पाय खाली सोडून. कपाशीवरच्या अळीचा सल्ला वाचत असले तरी तुम्ही मान हलवता आणि मला कळतं की कुठे थांबायचं. बाई म्हणाल्या, "आता कुणीतरी ऐकतंय तुझं."

प्रांजली

शेतवस्ती
९ जानेवारी २०२५

चि. प्रांजलीस,

आशीर्वाद. तू सांगितलंस तसं केलं. खोळीत मोबाईल टाकला आणि खरंच विसरलो. परत आल्यावर ओमप्रकाश मोबाईल शोधत घरभर फिरला, मग मामीनं घोंगडी झटकली तेव्हा खाली पडला. त्यानं न ऐकताच तो सगळा लांबलचक तुकडा तुला पाठवला आहे. त्यातून तुला लागेल तेवढं काढून घे.

ऑपरेशन बावीस तारखेला. छोटंसंच आहे. तू येऊ नकोस, तुझी शिकवणी मध्ये मोडायची नाही. ओमप्रकाश आहे, मामी आहे. डॉक्टर माणूस बरा आहे, त्याच्या आजोबांकडे मेंढ्या होत्या म्हणतो.

पाकिटात तिळगूळ घालतो आहे. तिथे पोचेपर्यंत पीठ होईल, बोटानं चाटून खा.

तुझा,
रायभानमामा

पुणे
१४ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

तुमचं पत्र आज संक्रांतीला मिळालं. तिळगूळ चाटून खाल्ला. आता मी काय लिहिते ते नीट वाचा.

तुमची हाक मी पाच दिवसांपूर्वीच ऐकली. कानाला हेडफोन लावून त्या शांत खोलीत बसले होते. आधी अर्धा तास नुसती तुमची पावलं, पाचटाची कुरकूर, लोकरीचा घासता आवाज. डोळे मिटले तर मी आठ वर्षांची होते आणि तुमच्या पाठीवर घोंगडीत होते. मग तुम्ही थांबलात, श्वास भरलात आणि हाक दिलीत. "हुर्रर्र हाऽऽ, ये गं चांदेऽऽ, ये ये ये!" मामा, ती हाक वाकली आणि उसाच्या पलीकडे जाऊन परत आली. सत्यशीलाबाई काचेपलीकडे उभ्या होत्या, त्यांनी नुसता हात वर केला.

तुम्ही दहा अंक मोजायला विसरलात. हाकेनंतर खुरांचा आवाज आला, मग चांदीचा श्वास अगदी जवळ, आणि तुम्ही तिच्याशी हळू बोलायला लागलात. "चांदे, आता थोडेच दिवस. मंग डॉक्टर गळ्यातलं यंत्रच काढून घेणार. मंग मी मुका. पोरीला न्हाई सांगितलं, ती शाळा सोडून पळत येईल. तू आपली बराबर येत जा बाई." पुढेही थोडं आहे.

छोटंसं ऑपरेशन! तुम्ही मला फसवलंत, मामा. खूप राग आला. तुमचा कायमचा जाणारा आवाज मी "खुलायला वेळ लागला तर" म्हणून टिपून घेत होते आणि तुम्ही मला खुळ्यासारखं टिपू देत होतात.

हाक स्वच्छ करून ओमप्रकाशकडे पाठवली आहे. पुढचं बोलणं कापलं. ते मेंढ्यांसाठी नाही, आणि मामीच्या कानावर तर नकोच.

मी वीस तारखेला येते. बाई स्वतःच म्हणाल्या, जा. माझी शिकवणी त्या नंतर पुरी करून घेणार आहेत. येऊ नकोस असं उलट टपाली लिहू नका, ते पत्र इथे पोचेल तेव्हा मी बसमध्ये असेन.

प्रांजली

शेतवस्ती
१० मार्च २०२५

चि. प्रांजलीस,

आशीर्वाद. तुला पुण्याला परत जाऊन महिना झाला आणि मी आज पहिल्यांदा लेखणी धरतो आहे. दवाखान्यात तू माझ्या उशाशी बसून पाटीवरची माझी अक्षरं सगळ्यांना वाचून दाखवायचीस. "मामा म्हणतात चहा गार आहे" एवढंसुद्धा तू असं म्हणायचीस की नर्स पळत जाऊन गरम चहा आणायची. तेव्हाच मला वाटलं होतं, शाळा वाया गेली नाही.

भूल उतरताना एक स्वप्न पडलं होतं, ते तुला सांगायचं राहिलं. माझा आवाज माझीच घोंगडी पांघरून वावरातून पुढे चालला आहे, त्याच्या मागे मेंढ्या, आणि सगळ्यात मागे मी. मी त्यांना थांबवायला तोंड उघडतो. त्या वळून पाहत नाहीत. पण स्वप्नात मला वाईट वाटलं नव्हतं. सगळीकडे धुकं होतं आणि चालायला बरं वाटत होतं.

परवा ते खरं झालं. डॉक्टरांनी वावरापर्यंत फिरायला सांगितलं आहे. मामी गळ्याच्या भोकावर रोज पातळ कापड बांधून देते. इतके दिवस मेंढ्या वाघरीत, जाळीच्या कुंपणातच होत्या, ओमप्रकाश तिथेच पाला टाकायचा. परवा त्यानं सोडल्या. दुपार कलल्यावर बाभळीला स्पीकर टांगला आणि तुझी स्वच्छ केलेली हाक लावली.

आल्या, प्रांजली. सगळ्या आल्या. चांदी पुढे, बाकीच्या मागे, धुरळा उडवत धावत आल्या. मी वाटेत उभा होतो. हात पसरले. त्या माझ्या दोन्ही बाजूंनी गेल्या आणि बाभळीखाली जाऊन वर बघत उभ्या राहिल्या. मी जवळ गेलो, चांदीच्या पाठीवर हात ठेवला, तर तिनं अंग काढून घेतलं. चांदीला मी कळलो नाही. एकजागी उभ्या राहून ओरडत होत्या, घराकडे पाऊल टाकेनात. शेवटी ओमप्रकाशनं काठीनं हाकलत नेल्या. इतक्या वर्षांत माझ्या मेंढ्यांना काठी लागली नव्हती.

मला वाईट वाटलं का, तर वाटलं. फार वाटलं. मी पाटीवर लिहिलं, "विकून टाक." ओमप्रकाश दोनदा म्हणाला, "आबा, थांबा अजून थोडं." पण मी आता थांबून कुणाची वाट बघू? त्यानं बाजारच्या माणसाला निरोप दिला आहे. पाडव्याच्या आधी येऊन घेऊन जाईल.

तुझी मेहनत चांगली होती. हाक अगदी माझीच आहे. चूक तिच्यात नाही, मी तिच्यापासून वेगळा पडलो आहे.

तुझा,
रायभानमामा

पुणे
१५ मार्च २०२५

प्रिय मामा,

त्या माणसाला थांबवा. आधी हे करा, मग बाकीचं वाचा. ओमप्रकाशला फोनवरही सांगितलं आहे.

चूक हाकेत नव्हती, तुमच्यातही नव्हती. माझ्यात होती. तुमचं पत्र घेऊन मी सत्यशीलाबाईंकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "हाकेनंतर काय होतं?" मी सांगितलं, काही खासगी बोलणं होतं, कापलं. त्यांनी चष्मा काढला. "दहा अंकांची शांतता राखायला मी शिकवलं आणि तू माणसाचं बोलणं कापलंस?" इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. मग म्हणाल्या, "ती हाक म्हणजे अर्धंच वाक्य आहे."

मी पूर्ण तुकडा परत ऐकला, आणि मला लहानपणीचं आठवलं. तुम्ही हाक देऊन कधी नुसते उभे राहायचाच नाहीत. चांदीच्या आधी तिची आई होती, तिच्याशीही बोलायचात. पाऊस कुठे अडला, मामीनं काय रांधलं, काहीही. बोलत बोलत वळायचात आणि कळप त्या बोलण्यामागे घरी यायचा. हाकेनं त्या येतात, मामा. चालायला लागतात ते त्या गुणगुणण्यानं. मी रोज ते बघितलं होतं आणि तरी कापलं, कारण त्यात मला फार दुखलं होतं.

पूर्ण पाठवते आहे, श्वाससुद्धा काढलेला नाही. आता स्पीकर बाभळीला टांगू नका. गळ्यात अडकवा, छातीवर, आणि वरून घोंगडी घ्या. हाक घोंगडीतून येऊ दे. बोलणं सुरू झालं की चांदीच्या कानामागे खाजवा आणि चालायला लागा.

हाकेपुढे काय काय आहे ते मी लिहीत नाही. तुमचं तुम्हीच ऐका. आणि जमलं तर मला लगेच कळवा, इथे माझं कशातही लक्ष लागत नाही.

प्रांजली

शेतवस्ती
२४ मार्च २०२५

चि. प्रांजलीस,

आशीर्वाद. बाजारचा माणूस आला होता. चहा पिऊन गेला. रिकाम्या हातानं गेला म्हणून मामीनं त्याला थोडा गूळ दिला.

आता सविस्तर. कारखान्याचा हंगाम संपत आला आहे, गाड्यांची वर्दळ नाही, त्यामुळे शिवारात चिमणी बोलली तरी ऐकू येतं. मी तू सांगितल्यासारखा स्पीकर छातीवर बांधला, वर घोंगडी घेतली. मेंढ्या लांब, नुसते काळे ठिपके. बटण दाबलं. आपल्याच छातीतून आपला आवाज निघाला तेव्हा मी दोन्ही हातांनी घोंगडी छातीशी धरली, पोरी. दोन महिन्यांनी घोंगडीच्या आत कुणीतरी ओळखीचं परत आलं होतं.

त्या आल्या. मी वाटेत उभा होतो, हात पसरले नाहीत. चांदी धावत आली आणि माझ्यासमोर थांबली. मला वरपासून खालपर्यंत हुंगलं. मग बोलणं सुरू झालं. तिनं डोकं माझ्या छातीला लावलं आणि कान घोंगडीला टेकवला. मी तिच्या कानामागे खाजवलं. मी काय बोललो होतो ते मलाही आठवत नव्हतं, म्हणून आम्ही दोघं मिळून ऐकत होतो. डॉक्टरांचं झालं, मी मुका होणार ते झालं. आणि मग माझाच आवाज म्हणाला, "प्रांजली पुण्यात बोलायला शिकून राह्यली. लई गोड बोलती आता. घरात एक बोलणारं असलं म्हंजी झालं. चल, चांदे."

"चल, चांदे" म्हटल्यावर चांदी चालायला लागली. मीही. मागून सगळा कळप. घराच्या वळणावर मामी उभी होती, तिनं सगळं ऐकलं. आपण मुका होणार हे मी तुझ्यापासून लपवलं ते तिला ठाऊकच होतं, मी उगाच समजत होतो की तिला कळलं नाही. ती चांदीच्या पाठीवरचं पाचट काढत राहिली. ओमप्रकाश स्पीकर चार्जिंगला लावून आला आणि मला म्हणाला, "आबा, म्या बी ऐकलं. माझं नाव न्हाई घेतलं तुम्ही." मी पाटीवर लिहिलं, "तू तर समोरच असतोस." त्यानं पाटी पुसली नाही, तशीच कोनाड्यात ठेवली आहे.

कोकराला कोण शिकवतं, असं मी तुला लिहिलं होतं. ते मागे घेतो. या साली झालेल्या सात कोकरांना हाक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. ती रोज चांदीच्या मागे येऊन शिकतात. त्यांना माझा आवाज घोंगडीतूनच येतो एवढंच माहीत आहे. आणि तुझ्या सत्यशीलाबाईंना माझा नमस्कार सांग. त्या एकदा इकडे आल्या तर बाजेवर बसवून हुरडा खाऊ घालीन म्हणावं, आता हंगाम गेला, पण पुढच्या साली.

तू शिकवणी पुरी कर, घाई करू नकोस. इथे दिवस कलला की अंकुशनगरच्या शिवारात रोज एकदा तुझं नाव निघतं. बोलणं त्या नावापाशी आलं की चांदी एक कान हलवते.

तुझा,
रायभानमामा